टावरगुरुजी

वरवट बकालहून संग्रामपुरात शिरणाऱ्याला टावरगुरुजींचं घर विचारावं लागत नाही. मान वर केली की ते सापडतं. जुनं धाबं पाडून घातलेल्या स्लॅबच्या कोपऱ्यात बोअरचे टाकाऊ पाइप एकात एक खोचून उभा केलेला दांडा, त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण, आणि टोकाला अॅल्युमिनियमच्या काड्यांचा भलामोठा सांगाडा. तीनपैकी दोन ताण गुरुजींच्या हद्दीत आहेत. तिसरा शेजारच्यांच्या कडुनिंबाला बांधलेला आहे, आणि त्यापायी दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. निंब तोडावा तर दांडा आपल्याच कौलांवर येणार, म्हणून शेजारी गप्प. ताण सोडावा तर चित्र जाणार, म्हणून गुरुजी गप्प.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि रेशनकार्डावर आहे, गावानं ते केव्हाच सोडून दिलं. नव्या पोरांना तर ते शिक्षक होते हेही ठाऊक नाही. मोबाइल कंपनीचा टावर गावात उभा राहिला तेव्हा त्यातल्या काहींना वाटलं, हाही गुरुजींचाच. रेंज गेली की अशी पोरं अजूनही गुरुजींच्या दाराशी येतात. गुरुजी त्यांना परत पाठवत नाहीत, बसवून घेतात. मग ती पोरं पुन्हा येत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचं सगळं चमत्कारिक वाटेल. गुरुजी टीव्ही पाहत नाहीत. ते टीव्ही आणतात. चित्र निघालं कुठून, वाटेत कशाला धडकलं, काड्यांवर किती पडलं आणि वायरीत किती सांडलं, एवढ्यापुरताच त्यांचा त्याच्याशी संबंध. चित्रात कोण आहे आणि ते काय बोलतंय हा विषय काकूंचा. एकदा बातम्यांत पंतप्रधानांचं भाषण चाललं होतं. काकू आतून आल्या आणि विचारू लागल्या, "काय म्हून राह्यले ते?" गुरुजी पडद्याकडे एकटक पाहत म्हणाले, "उजव्या खांद्यावर सावली येऊन राह्यली."

अशी माणसं दुसरीकडेही झाली. कोकणच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्रावरच्या हवेचे थर जुळून आले की आखाती देशांची केंद्रं दिसायची, आणि त्यासाठी माडाला अँटेना बांधणारे लोक होते. अमृतसरची माणसं काड्या लाहोरकडे करायची, लाहोरची अमृतसरकडे. पण त्यांना काहीतरी पाहायचं होतं, कुणाला नाटक, कुणाला सिनेमा. निव्वळ आणण्यासाठी आणणारा माणूस मी आमच्या गावाबाहेर पाहिलेला नाही.

१९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. काळा-पांढरा, लाकडी दारं असलेला, गुरुजींचा. अकोल्याचं केंद्र आमच्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, आग्नेयेला. पूर्णा ओलांडून खारपाणपट्ट्यावरून आमच्यापर्यंत येईस्तोवर त्या चित्राचा जीव निम्मा झालेला असायचा. रविवारी सकाळी नऊलाच गल्ली जमायची. आंघोळ करून, टोप्या घालून, काही बाया आरतीचं ताट घेऊन. गुरुजी धाब्यावर, मी जिन्याच्या मधल्या पायरीवर, दारात आणखी एक पोरगा, आणि आत पडद्यासमोर काकू. प्रश्न वरून खाली यायचा, उत्तर खालून वर जायचं.

"आलं का बे?"

"आलं का, काकू?"

"आलं."

"आलं म्हणतात, गुरुजी!"

"कसं आलं?"

काकू बराच वेळ पडद्याकडे पाहत राहायच्या. "दोन दोन राम दिसून राह्यले, म्हणा."

मग गुरुजी धाब्याच्या कडेला येऊन सगळ्या गल्लीला समजावून सांगायचे. एक राम अकोल्याहून नीट आलेला, दुसरा सातपुड्यावर आपटून परत आलेला. परत येणाऱ्याला अंतर जास्त, म्हणून तो जरा मागे, उजवीकडे उमटतो. शास्त्र म्हणून यात तसूभर चूक नव्हती. गल्लीनं मात्र ते आपल्या पद्धतीनं घेतलं आणि दोघांनाही हात जोडले. एका आजीबाईंनी पुढं कितीतरी दिवस सातपुड्याकडे तोंड करून दिवा लावला. गुरुजींना तेही पटलं. त्यांच्या मते निदान दिशा तरी बरोबर होती.

खरी अडचण चित्र नीट यायचं तेव्हा सुरू व्हायची. एखाद्या रविवारी एकच राम, एकच लक्ष्मण, आवाज स्वच्छ, गल्ली चिडीचूप. आणि वरून हाक यायची, "थांबा, अजून साफ येते!" पंधरा-वीस माणसं एका सुरात ओरडायची, "नको गुरुजी, राहू द्या!" तोवर पाइप फिरलेला असायचा. रावण पडला त्या दिवशी आमच्या गल्लीनं त्याला पडताना पाहिलं नाही. बाण सुटला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्या गेल्या तेव्हा बिभीषण रडत होता. माणसं घरी जाताना जे बोलली ते रामायणाच्या दिवशी बोलायचं नव्हतं.

त्या मुंग्यांवरही गुरुजींचा एक तास ठरलेला होता. पडद्यावर नुसती खरखर असली की आम्हा पोरांना ते समोर बसवायचे. १९६५ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात अशीच खरखर यायची. त्यांना वाटलं, आत घाण करणाऱ्या कबुतरांमुळे येते. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर जागेवर. शेवटी कळलं की ती विश्व जन्मलं तेव्हाची आहे. त्या शोधाला १९७८ चं नोबेल मिळालं. "या मुंग्यांतली शंभरात एखादी तिथून आलेली हाये," गुरुजी म्हणायचे. "तुम्हाले चित्रहार नाई दिसला म्हून रडून राह्यले. विश्वाचा जन्म दिसून राह्यला तो पाह्यत नाई."

गुरुजींची कबुतरं म्हणजे वानरं. सातपुड्याच्या पायथ्याला राहायचं तर वानरांशी जमवून घ्यावं लागतं. संत्र्याच्या बागांतून परतताना टोळी गुरुजींच्या दांड्यावर हमखास टेकायची, आणि थोराड हुप्प्या सगळ्यात वरच्या काडीला लोंबकळायचा. तो उडी मारून गेला की काड्या भलत्याच दिशेला तोंड करून राहायच्या. एकदा हुप्प्यानं वळवलेल्या दिशेनं अकोला इतकं लख्ख आलं की गुरुजींनी खडू आणून पाइपवर खूण करून ठेवली. ती खूण मी पाहिलेली आहे. तिच्यापुढं त्यांनी 'वा.' असं लिहिलं होतं.

दरम्यान जग पुढं सरकत होतं. केबल आली, ती गुरुजींनी मानली नाही. वायरीनं काय, कुणीही आणील. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शननं छत्रीवर फुकट चॅनेल द्यायला सुरुवात केली, त्यालाच पुढं फ्री डिश म्हणू लागले. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा, मग महिन्याला काही नाही. शेतमजुराच्या घरावरही छत्री दिसू लागली. गुरुजींच्या सुनेनं नवऱ्याकडून ती बसवून घेतली तेव्हा गुरुजी शेगावला दर्शनाला गेले होते. आले, वर पाहिलं, खाली पाहिलं. आत काकू कीर्तन ऐकत होत्या. चित्र काचेसारखं.

"कुठून येते हे?"

"उपग्रहावरून, बाबा. छत्तीस हजार किलोमीटर."

"अन् कोणी फिरवलं?"

"पोट्टं आलं होतं बसवणारं. दहा मिनिटांत बसवून गेलं."

गुरुजी वर गेले, छत्रीच्या मागे उभे राहिले, खिशातलं होकायंत्र काढलं. आमच्या गावाहून तो उपग्रह दिसतो आग्नेयेला, आकाशात साठेक अंश वर. आणि अकोला? तेही आग्नेयेला. अंशाअंशानं तीच रेघ. गुरुजी खाली आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. "इतकी वर्षं आपली दिशा बरोबर होती," त्यांनी घरात जाहीर केलं. "फक्त उंची कमी पडली."

छत्री राहिली, पण गुरुजींचा दांडा उतरला नाही. वरच्या खोलीत जुना टीव्ही, दांड्याची वायर आणि बूस्टर असा त्यांचा संसार वेगळा झाला. भारनियमनाच्या दिवसांत तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालायचा. पुढं दूरदर्शननं जमिनीवरची जुनी अॅनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्यानं बंद केली. २०२२ च्या मार्चअखेर देशभरात सामरिक महत्त्वाची पन्नासेकच ठेवायची असा निर्णय झाला. अकोल्याचं चित्र थांबलं त्याचा गावात कुणाला पत्ताही लागला नाही. गुरुजींना लागला. त्यांनी काकूंना वर बोलावून पडदा दाखवला. काकूंना पूर्वीसारख्याच मुंग्या दिसल्या.

"त्याच तर हाये."

"नाई. आधी यांच्यामागे अकोला होतं. आता ह्या निव्वळ आभाळातल्या."

गुरुजींच्या डिजिटल डब्याचं प्रकरण मात्र त्याच्या बरंच आधीचं. अमेरिकेनं १२ जून २००९ पर्यंत मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. जुन्या टीव्हीवर डिजिटल चित्र दिसावं म्हणून तिथल्या सरकारनं घरटी दोन कूपनं वाटली, प्रत्येकी ४० डॉलरची, आणि त्यांवर लोकांनी रूपांतर करणारे डबे घेतले. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी तिकडं होता. तो गावी आला तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं आणि गुरुजींना असा एक डबा घेऊन आला. आपल्या गुरूला काय द्यावं हे त्याच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही, आणि तरीही तो डबा इथं पूर्णपणे निरुपयोगी होता. एक तर तो ११० व्होल्टचा. दुसरं, त्याचं काम डिजिटलचं अॅनालॉग करायचं, आणि आपल्याकडं हवेत होतं ते सगळं आधीपासूनच अॅनालॉग. ज्याला काहीच करायचं नाही असा डबा. गुरुजींनी तो धुपाटण्याशेजारी ठेवला. "येईल त्याचा दिवस," ते म्हणाले.

२५ फेब्रुवारी २०१६ ला दूरदर्शननं सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. छत्री नको, केबल नको, हवेतून, साध्या काड्यांवर. मुख्य हेतू फोनला डोंगल लावून चालत्या माणसाला टीव्ही दिसावा हा होता. राष्ट्रीय, बातम्या, भारती, खेळ आणि प्रादेशिक किंवा किसान, अशी पाच चॅनेलं. सोळांच्या यादीत मुंबई होती, औरंगाबाद होतं, इंदूर होतं. गुरुजींनी पेपरातली ती यादी कापून ठेवली आणि दोन नावांभोवती लाल गोल काढला.

"पाह्य, एका अंगाले औरंगाबाद, दुसऱ्या अंगाले इंदूर. अन् मधोमध कोण? आपण!"

"म्हणजे दोन्हीकडून सारखेच दूर," काकू म्हणाल्या.

हे मोजून पाहिलं तर काकूंचंच खरं. इंदूर दोनशेच्या आसपास, मधे सगळा सातपुडा. औरंगाबादचं प्रक्षेपण म्हैसमाळच्या डोंगरावरून, ते एकशे नव्वदच्या घरात, मधे अजिंठ्याची रांग आणि बुलढाण्याचा घाट. गुरुजी कॅलेंडरची मागची बाजू घेऊन बसले. टीव्हीची लहर जवळपास सरळ जाते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानं जमीन तिच्याखालून खाली वळत जाते. किती अंतरानं, याचं सूत्र आहे: दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि ४.१२ नं गुणायचं, की किलोमीटर मिळतात. हवा लहरीला थोडी वाकवते तीही सूट त्या ४.१२ मध्ये धरलेली असते. म्हैसमाळ आमच्यापेक्षा, मनोऱ्यासकट, ढोबळ ८०० मीटर उंच धरलं. वर्गमूळ २८ आणि वर थोडं, गुणून ११६ किलोमीटर. गुरुजींचा दांडा ९ मीटर, वर्गमूळ ३, गुणून १२. एकूण १२८. कमी पडले साठ-बासष्ट.

"मंग पाइप वाढवा," मुलगा गमतीनं म्हणाला.

गुरुजींनी तेही काढून ठेवलं होतं. दांडा ३१८ मीटरचा लागत होता. मुंबईला वरळीच्या दूरदर्शनचा मनोराच ३०० मीटरचा. म्हणजे त्याच्यावर सहा मजली घर. शेजाऱ्यांचा निंब एवढा ताण धरणार नाही हे गुरुजींनी प्रामाणिकपणे मान्य केलं. डोंगरांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. सूत्रात डोंगर नव्हते.

माझ्या मते कुठल्याही शहाण्या माणसानं इथं कॅलेंडर भिंतीला परत टांगलं असतं. गुरुजींनी त्यातून वेगळा निष्कर्ष काढला: पाइप वाढवता येत नाही, म्हणजे डबा चांगला घ्यावा लागणार.

आधी धुपाटण्याशेजारचा अमेरिकन डबा खाली उतरला. ट्रान्सफॉर्मर लावून चालू केला, आणि मग कळलं की अमेरिकेची डिजिटल पद्धत वेगळी, आपली वेगळी. त्यांचं चॅनेल ६ मेगाहर्ट्झचं, आपलं ८ चं. ती एटीएससी, ही डीव्हीबी-टी टू. लिपीच निराळी. डबा पुन्हा वर गेला. त्याचा दिवस येऊन गेला होता.

मग गुरुजी अकोल्याला निघाले. मला बरोबर घेतलं, कारण दुकानदारांना माणसं दोन असली की गिऱ्हाईक खरं वाटतं. पहिल्याच दुकानात पोरानं विचारलं, "केबलचा देऊ का छत्रीचा?"

"काड्यांचा."

पोरानं आत जाऊन मालकाला बोलावलं. मालकानं आतूनच विचारलं, "कोण आहे? म्युझियमवाले का?"

गुरुजी न रागावता बाकावर बसले आणि पोराला शिकवू लागले. डबे तीन जातींचे. नावाच्या शेवटी सी असेल तो केबलचा, एस असेल तो उपग्रहाचा, टी असेल तो जमिनीवरच्या मनोऱ्याचा. बाहेरून तिघंही सारखे काळे, मागचं भोक थोडं निराळं. आपल्याला हवा टी, आणि त्यातही टी टू. पोरानं फडताळातले सगळे डबे काढून त्यांची बुडं तपासली. एस निघाले, एस टू निघाले, एक सी निघाला, आणि एकाच्या बुडाला काहीच नव्हतं. तो स्वस्त होता.

"याची संवेदनशीलता किती?" गुरुजींनी एका डब्याबद्दल सहज विचारलं.

"खूप आहे काका."

"उणे ऐंशी का उणे पंच्याऐंशी?"

"उणे कशाला? प्लस आहे ना! एचडी प्लस."

गुरुजींच्या अटी त्यांनी वहीत लिहून आणल्या होत्या, आणि त्या वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं गणित पक्कं आहे, वेड त्याच्या पुढं सुरू होतं. डबा अशक्त सिग्नल पकडणारा हवा. फ्रिक्वेन्सी हातानं भरता आली पाहिजे, कारण आपोआप शोधणारे डबे कमजोर चॅनेल गाळून पुढं जातात. वरच्या बूस्टरला वायरीतूनच ५ व्होल्ट पोचवता आले पाहिजेत. सिग्नलचे दोन्ही पट्टे दिसले पाहिजेत, ताकदीचा वेगळा आणि दर्जाचा वेगळा, कारण बूस्टर चांगल्याबरोबर खरखरही वाढवतो आणि नुसती ताकद पाहणारा माणूस फसतो. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय हवी. ही शेवटची अट मला कळेना.

"गुरुजी, तुम्ही पाहतच नाही, तर रेकॉर्ड करून काय करता?"

"पुरावा," गुरुजी म्हणाले.

काही डब्यांत आणखी एक सोय असते: सिग्नल वाढला की डबा टूं टूं करतो, म्हणजे वरच्या माणसाला खाली विचारायला नको. ही सोय गुरुजींनी तांबड्या शाईनं खोडली होती. कारण विचारलं तर म्हणाले, डब्याच्या आवाजावर भरवसा नाही. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता हसल्या. "मंग रोज माह्याशी बोलतील कायचं?"

अकोल्यात डबा नव्हता. खामगावात चांदी नाव काढण्यासारखी मिळते, डबा नव्हता. शेगावात एका दुकानदारानं छत्रीच्या डब्याला काड्यांची वायर जोडून पाहू असं सुचवलं. गुरुजींनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं चहा मागवला. शेवटी पुतण्यानं मोबाइलवरून एक टी टूवाला मागवला. त्याआधी गुरुजींनी त्या एका डब्याबद्दल जेवढं वाचलं तेवढं, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, सून पाहतानाही विचारलं नव्हतं.

डबा आला. दांडा नैर्ऋत्येला वळला. संग्रामपुरातून या दिशेला यापूर्वी कुणी अँटेना वळवली असेल असं वाटत नाही. डबा शोधू लागला, पट्टी भरत भरत शंभरावर गेली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: शून्य चॅनेल सापडले. ताकद ४६. दर्जा ०.

इथं गुरुजींच्या आयुष्यातलं पहिलं खरं दुःख आलं, आणि ते चित्र न येण्याचं नव्हतं. पडद्यावर मुंग्याच नव्हत्या. स्वच्छ निळा पडदा. अॅनालॉगमध्ये चित्र दूर असलं तरी मुंग्यांच्या मागं कुणीतरी हलायचं. काडी इंचभर फिरवली की ते जवळ यायचं किंवा लांब जायचं, आणि माणसाला आपण कुठं आहोत ते कळायचं. डिजिटलचं तसं नाही. लागतं तेवढा सिग्नल मिळाला तर काचेसारखं चित्र, किंचित कमी पडला तर चौकोन चौकोन, त्याहून कमी पडला तर काही नाही. एका पावलानं हुकलात की शंभर कोसांनी, डबा सांगत नाही. "नापास म्हणते," गुरुजी उद्वेगानं म्हणाले, "पण मार्क नाई दाखवत!" उभा जन्म उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हा अन्याय सोसेना.

मग त्यांनी हवेची वाट पाहायचं ठरवलं. थंडीत पहाटे जमीन गार पडते, वर उबदार हवेचा थर राहतो, आणि त्या दोहोंमधून लहर पृथ्वीला धरून वळत लांबवर जाऊ शकते. कोकणातल्या त्या आखाती केंद्रांमागचं कारणही हेच. पौष-माघात गुरुजी पहाटे चारला उठू लागले. मफलर, कंदील, वही. तारीख, वारा, धुकं, ताकद, दर्जा. आमच्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती हललं ते पाहून पावसाचं, पिकाचं, राजाचं भाकीत सांगतात. गुरुजी विज्ञानाचे शिक्षक, त्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास नाही. फक्त एवढंच म्हणतात, "त्यांचं बरं हाये. वर्षातून एकदा उठा लागते."

वही शून्यांनी भरली. आणि एका धुक्याच्या पहाटे सगळी गल्ली गुरुजींच्या ओरडण्यानं जागी झाली. "आलं! अवं, ऐकलं का? आलं! दर्जा बारा!" काकू पदर सावरत जिना चढल्या, मागून सून, मागून मी, कारण माझं घर समोरच. आम्ही पोचलो तेव्हा पडदा निळा होता. गुरुजी म्हणाले, चौकोन आले होते. एका चौकोनात कुणाचातरी कान होता. आवाज एक अक्षर आला, "शे". शेतकरी, शेअर बाजार की शेगाव, ते कळलं नाही. औरंगाबाद होतं की हवेनं भलतीकडूनच उचलून आणलेलं काही, तेही कळलं नाही. रेकॉर्डिंगचं बटण दाबायला गुरुजी विसरले होते.

गावानं यावर विश्वास ठेवला नाही. मी ठेवतो. ज्या माणसाला खोटंच लिहायचं असतं तो वहीभर शून्यं लिहून बाराची वाट पाहत बसत नाही. शिवाय थापा मारणाऱ्यानं अख्खा निवेदक दाखवला असता. नुसत्या कानावर भागवलं नसतं.

मुलाचं मात्र म्हणणं पडलं की डबाच खराब असावा. गुरुजींना हे लागलं. एवढ्या अटी लावून निवडलेला डबा! परीक्षा घ्यायची तर जिथं सिग्नल आहे तिथं घ्यावी, म्हणून दिवाळीला आलेला पुतण्या मुंबईला परत निघाला तेव्हा गुरुजींनी डबा टॉवेलात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातला. शेगावला गाडीत बसवेपर्यंत सूचना चालू होत्या. पुतण्या राहतो परळला, वरळीचा मनोरा तिथून हाकेच्या अंतरावर. त्यानं अँटेना म्हणून वीतभर वायर खिडकीच्या गजाला अडकवली. रात्री त्याचा फोन आला. गुरुजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि मुलाला समोर बसवलं.

"आलं का?"

"आलं काका. पाचही चॅनेलं."

"दर्जा?"

"शंभर."

"वायर हलवून पाह्य."

"हलवली. शंभरच."

"काढून पाह्य."

थोडा वेळ खडखड ऐकू आली. "काढली काका. तरी येऊन राह्यलं."

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान डोलावली, डब्याची अब्रू राहिली. काकू म्हणाल्या, राहू दे बापा तो डबा पोराकडंच, तिथं पाच चॅनेलं फुकट तरी पाहील. गुरुजींना ते बोलणंच समजलं नाही.

"तिथं कायले?" ते फोनमध्ये म्हणाले. "तिथं तर काड्या नसल्या तरी येते. तिथं त्याचा काय उपयोग? उद्याच्या उद्या पाठवून दे इकडे. पौष जवळ येऊन राह्यला."